पावलाचा नियम

मार्च महिन्यातील संध्याकाळ. शाळा नुकतीच सुटली आहे. सोलापुरातील एका शाळेच्या मुरमाड मैदानावरचे ऊन अजून पुरते उतरलेले नाही. कोणी जोराने धावले की त्याच्या मागे धुळीचा लोट उठतो. मैदानाच्या एका अंगाला मुले क्रिकेट खेळत आहेत आणि दुसऱ्या अंगाला मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव चालला आहे. इतक्यात दोन्हीकडे जणू ठरवून गलका होतो. क्रिकेटच्या बाजूस पंच झालेल्या मुलाने हात आडवा करून 'नो-बॉल' असे ओरडून सांगितले आहे, आणि ज्याचा त्रिफळा उडाला तो फलंदाज हसत हसत पुन्हा आपल्या जागी उभा राहिला आहे. गोलंदाज रेषेवर बोट टेकवून विचारतो, "अरे, दोन बोटे पाय पुढे गेला तर असे काय बिघडले?" सॉफ्टबॉलच्या बाजूस चेंडू टाकणाऱ्या मुलीला शिक्षिकांनी थांबविले आहे. तीही कुरकुरते, "बाई, चेंडू तर अगदी नीट गेला. मग पाय कुठे का पडेना!"

दोघांचाही प्रश्न वावगा नाही. चेंडू हाताने टाकावयाचा असतो; मग नियमाने पायाच्या मागे का लागावे? पंचाने खेळाडूच्या मनगटाकडे न पाहता त्याच्या टाचेकडे का पाहावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे आपल्या ध्यानात येते की हा नियम पायाचा वाटला, तरी तो वस्तुतः अंतराचा आहे. आणि अंतराचा आहे म्हणूनच तो वेळेचा आहे.

प्रथम क्रिकेटचे उदाहरण घेऊ. खेळपट्टीच्या दोन टोकांच्या यष्टींमध्ये २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट अंतर असते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. प्रत्येक टोकास यष्टींच्या पुढे ४ फुटांवर एक रेषा आखलेली असते. तिला पॉपिंग क्रीज म्हणतात. फलंदाज बहुधा आपल्या बाजूच्या या रेषेजवळ उभा राहतो आणि गोलंदाजाचा पुढचा पाय त्याच्या बाजूच्या अशाच रेषेजवळ पडतो. म्हणजे दोघांमध्ये खरे अंतर उरते ते ५८ फुटांचे, सुमारे पावणेअठरा मीटर. आता एखादा द्रुतगती गोलंदाज ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकतो असे समजा. हा वेग सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर इतका पडतो. हे अंतर तोडण्यास चेंडूला किती वेळ लागेल, याचा भागाकार तुम्ही स्वतःच करून पाहा. उत्तर अर्ध्या सेकंदापेक्षाही थोडे कमी येईल.

एवढ्या अवधीत फलंदाजाला पुष्कळ कामे करावयाची असतात. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटताना पाहणे, तो कोठे टप्पा घेणार याचा अंदाज बांधणे, पाय पुढे टाकावा की मागे न्यावा हे ठरविणे, आणि मग बॅट फिरविणे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आपले हातपाय हलू लागण्यासच सुमारे पाव सेकंदाला थोडा कमी असा वेळ जातो. तेव्हा फलंदाजाच्या पदरात प्रत्यक्ष हालचालीसाठी पाव सेकंदच काय तो उरतो. अशा वेळी गोलंदाजाने तीन फूट पुढे येऊन चेंडू टाकला, तर त्या पाव सेकंदातील सुमारे दहावा हिस्सा तो काढून घेतो. आपल्या रोजच्या व्यवहारात एवढ्या वेळाला काही किंमत नसते. परंतु मस्तकाच्या रोखाने येणारा चेंडू चुकविण्यासाठी मान वळवावयाची असते, तेव्हा तोच वेळ लाखमोलाचा ठरतो.

आता दोन बोटांचे काय? खरे सांगावयाचे तर दोन बोटांनी जवळजवळ काहीच होत नाही. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यांतील एखादाच भाग वाचतो; एवढा फरक कोणत्याही फलंदाजाला जाणवणार नाही. आपल्या मैदानावरील त्या गोलंदाजाचे म्हणणे त्या अर्थाने बरोबरच आहे. परंतु दोन बोटे चालतात म्हटले की चार का चालू नयेत, आणि चार चालली तर वीतभर का नको, असा प्रश्न लगेच उभा राहतो. ही केवळ वाद घालण्यासाठी काढलेली शंका नव्हे. क्रिकेटच्या इतिहासात खरोखरच तसे घडले आहे, आणि बोटाबोटाने सरकत ते पाऊल दोन-दोन, तीन-तीन फूट पुढे गेले आहे.

ते असे. पूर्वी गोलंदाजाच्या पुढच्या पायाकडे कोणी पाहत नसे. यष्टींच्या ओळीत जी रेषा असते, तिच्यामागे त्याचा मागचा पाय असला म्हणजे पंचाचे समाधान होई. नियम दिसावयास सरळ होता. पण द्रुतगती गोलंदाज धावत येतो तेव्हा त्याच्या अंगात मोठा वेग असतो. मागचा पाय रेषेमागे टेकला, तरी तो तेथे स्थिर राहत नाही. बुटाचे टोक जमिनीवर घासत पुढे सरकते आणि चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी तो पाय रेषेच्या बराच पुढे गेलेला असतो. पुढचा पाय तर त्याच्याही पुढे, पॉपिंग क्रीज ओलांडून पडलेला असतो. पाय टेकला तेव्हा नियम पाळला गेला होता. चेंडू सुटला तेव्हा मात्र गोलंदाज फलंदाजाच्या कितीतरी जवळ येऊन पोचला होता. बिचाऱ्या पंचाने यांपैकी कोणता क्षण खरा मानावा?

ऑस्ट्रेलियाचा गॉर्डन रॉर्क हा गोलंदाज या घसटण्याबद्दल विशेष गाजला. तो सहा फूट पाच इंच उंच होता. १९५८-५९ च्या मोसमात तो इंग्लंडविरुद्ध खेळला, तेव्हा त्याचे पाऊल पाहून पुष्कळांनी डोक्याला हात लावला. अशा गोलंदाजांसाठी पंच रेषेच्या मागे काही अंतरावर एक खूण ठेवीत. पाय त्या खुणेमागे टेकावा, म्हणजे घसटत आला तरी फार पुढे जाणार नाही, असा हिशेब. पण कोण किती घसटेल याचा अंदाज पंचानेच बांधावयाचा, आणि तो आज एक तर उद्या दुसरा.

या हकिकतीचा आपल्या सोलापूरशीही संबंध आहे. पहलन रतनजी उमरीगर, ज्यांना सारे जग पॉली उमरीगर या नावाने ओळखते, त्यांचे बालपण सोलापुरात गेले. पुढे त्यांचे कुटुंब मुंबईस गेले आणि तेथून ते भारताच्या संघात आले. ५९ कसोटी सामने, ३६३१ धावा आणि १२ शतके ही त्यांची कामगिरी. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय होत. उमरीगरांचा सारा काळ हा मागच्या पायाच्या नियमाचा काळ होता. घसटत येणाऱ्या गोलंदाजांना तोंड देतच त्यांना खेळावे लागले, आणि तेही आजच्यासारखे शिरस्त्राण नसताना.

आरंभी त्यांना ते जमले नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. १९५२ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. फ्रेड ट्रुमन हा तरुण गोलंदाज तेव्हा प्रथमच कसोटीत उतरला होता. त्या काळच्या बहुतेक द्रुतगती गोलंदाजांप्रमाणे त्याचाही मागचा पाय घासत येई. लीड्सच्या पहिल्याच कसोटीत दुसऱ्या डावात भारताची एकही धाव झाली नव्हती, तोच चार गडी बाद झाले. उमरीगरांनी त्या मालिकेत सात डावांत मिळून अवघ्या ४३ धावा केल्या. ट्रुमनच्या माऱ्यापुढे ते यष्टींपासून दूर सरकत, अशी टीका तेव्हा झाली. दुसरा एखादा खेळाडू या आठवणीने खचला असता. परंतु १९५९ साली ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या कसोटीत त्याच ट्रुमनचा समावेश असलेल्या माऱ्यापुढे त्यांनी ११८ धावा काढल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळविला. जसू पटेल यांनी त्या सामन्यात १४ बळी घेतले. उमरीगरांनीही दुसऱ्या डावात २७ धावांत ४ गडी बाद केले. रॉर्क याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या संघात होता. पण त्याच्या लांब पावलाचा भारताला फारसा ताप झाला नाही. तो आजारी पडला आणि दुसऱ्या डावात फलंदाजीसही येऊ शकला नाही.

१९६२ च्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात मात्र अर्ध्या सेकंदाचे मोल साऱ्यांना कळून आले. १७ मार्च रोजी बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटीला जबर इजा होऊन त्यांचे प्राण संकटात सापडले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त हवे होते. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. भारतीय खेळाडूंपैकी चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनी दिले. काँट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा अपघात पाऊल पुढे पडल्यामुळे झाला, असे कोणी म्हणत नाही. चेंडू येत असता पॅव्हिलियनमधील एक खिडकी कोणीतरी उघडली, तिकडे आपले लक्ष क्षणभर वेधले गेले, असे काँट्रॅक्टर यांनीच सांगितले आहे. पण क्षणभर म्हणजे किती? वर आपण ज्याचा भागाकार केला, त्यातलाच एक अंश.

पुढल्याच महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत उमरीगर वेस्ट इंडीजच्या त्याच तुफानी माऱ्याला सामोरे गेले. वेस्ली हॉल समोर होता. त्यांनी पहिल्या डावात ५६ आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय गोलंदाजीत पाच बळी घेतले. भारत सामना हरला. पण दहा वर्षांपूर्वी मागे सरकणारा फलंदाज तो हाच, यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत नियम पालटला. इंग्लंडमध्ये प्रथम प्रयोग झाले, हळूहळू इतर देशांनीही ते स्वीकारले आणि १९८० च्या नियमसंहितेत पुढच्या पायाचा नियम कायम झाला. चेंडू टाकताना पुढच्या पायाचा काही भाग तरी पॉपिंग क्रीजच्या मागे असला पाहिजे. टाच हवेत असली तरी चालते, पण ती रेषेच्या मागे हवी. मागचा पाय घासत यावयाचा तर येवो. पुढचा पाय रेषेने अडविला की शरीरही अडते. डॉन ब्रॅडमन यांच्यासारख्या थोर खेळाडूला मात्र हा बदल रुचला नाही. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होतेच. मागचा पाय आधी टेकतो, म्हणून जुन्या नियमात पंचाची हाक लवकर येई आणि फलंदाजाला निर्धास्तपणे टोला मारता येई. पुढचा पाय टेकतो तेव्हा चेंडू जवळजवळ सुटलेलाच असतो. पंचाने खाली पाहावे, लगेच वर पाहावे, आणि चेंडूही पाहावा, हे सोपे नव्हे. अलीकडे मोठ्या सामन्यांत हे काम कॅमेऱ्याच्या साहाय्याने तिसऱ्या पंचाकडे देतात, ते याच कारणाने.

आता मैदानाच्या दुसऱ्या अंगाला वळू. तेथे आपली सॉफ्टबॉलची खेळाडू मघापासून रुसून उभी आहे.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, एका नौकाक्लबात झाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली, असे सांगतात. घरातला खेळ, म्हणून अंतरे लहान आणि चेंडू खालच्या हाताने टाकावयाचा. पुढे तो मोकळ्या मैदानावर आला तरी या दोन्ही गोष्टी टिकल्या. १९९६ साली तो ऑलिंपिकमध्येही पोचला. आपल्याकडे शालेय स्पर्धांतून हा खेळ आता चांगला रुजला आहे.

या खेळात चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. खालच्या हाताने टाकलेला चेंडू म्हणजे संथ चेंडू, असे समजू नका. पिचरचा हात पवनचक्कीच्या पात्यासारखा गर्रकन फिरतो आणि चांगल्या स्त्री खेळाडूंचा चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. त्यात अंतर किती? पुरुषांसाठी ४६ फूट, स्त्रियांसाठी अवघे ४३ फूट. शिवाय पिचर लांब पाऊल टाकून चेंडू सोडते, त्यामुळे खरे अंतर आणखी काही फुटांनी कमी होते. क्रिकेटमधील फलंदाजाला मिळतो त्याहूनही थोडा कमीच वेळ येथे मिळतो. १९६१ साली बेसबॉलचा नामांकित फलंदाज टेड विल्यम्स जोन जॉइस नावाच्या तरुणीच्या चेंडूंपुढे उभा राहिला, तेव्हा त्याची बॅट बहुतेक वेळा हवाच कापीत राहिली.

जेथे अंतर इतके तुटपुंजे, तेथे ते राखण्याचा नियमही तितकाच कडक असणार. क्रिकेटच्या गोलंदाजाप्रमाणे पिचरला धावत येता येत नाही. जमिनीत २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशी एक पांढरी रबरी पाटी बसविलेली असते. पिचरने त्या पाटीला पाय लावून उभे राहावयाचे, दोन्ही हात समोर एकत्र आणून क्षणभर स्थिर व्हावयाचे, आणि मगच चेंडू टाकावयाचा. टाकताना एकच पाऊल, तेही फलंदाजाच्या दिशेने. पाटीच्या दोन्ही टोकांपासून पुढे दोन सरळ रेषा ओढल्या आहेत अशी कल्पना करा. पाऊल त्या रेषांच्या आतच पडले पाहिजे. दुसरा पाय पाटीवर रेटा देतो. या पायाने पाटीवरूनच जोर घ्यावयाचा असतो. रेटा दिल्यावर तो जमिनीवरून घासत पुढे आला तर हरकत नाही. गंमत पाहा, क्रिकेटला ज्या घसटण्याने इतकी वर्षे छळले, तेच येथे चालते! कारण येथे घसटणारा पाय जोर देऊन मोकळा झालेला असतो.

चूक होते ती अशी. काही पिचर पाटीवरून उडी घेतात, रेटा देणारा पाय एक-दोन फूट पुढे पुन्हा जमिनीवर रोवतात, आणि त्या नव्या जागेवरून दुसऱ्यांदा जोर घेऊन चेंडू सोडतात. इंग्रजीत या चुकीला 'क्रो हॉप' म्हणतात, म्हणजे कावळ्याची उडी. अंगणात भाकरीचा तुकडा टिपावयास आलेला कावळा कसा टुणकन पुढे येतो, ते आठवा. या उडीने पिचरला दुहेरी लाभ होतो. अंतर तर घटतेच, पण दुसऱ्या रेट्याने चेंडूचा वेगही वाढतो. म्हणून हा चेंडू अवैध ठरतो, आणि फलंदाजाच्या खात्यावर एक 'बॉल' जमा होतो. असे चार 'बॉल' झाले की फलंदाज चेंडूला न शिवताच पहिल्या बेसवर जाऊन उभी राहते. फलंदाजाने त्या अवैध चेंडूवर चांगला टोला मारून बेस गाठला, तर मात्र तो टोलाच मान्य होतो. चूक पिचरची असताना फलंदाजाच्या हातचा लाभ का काढून घ्यावा?

उडीविषयी मात्र खुद्द जाणत्यांतही पुष्कळ काळ वाद चालला. दोन्ही पाय क्षणभर हवेत गेले, पण मागचा पाय नव्याने रोवून जोर घेतला नाही, तर ते चालावे की नाही? पुरुषांना ते चालते, स्त्रियांना नाही, असा भेद बरीच वर्षे होता. त्याचे समाधानकारक कारण निदान मला तरी कोठे आढळले नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये २०२४ च्या हंगामापासून स्त्रियांनाही ती मुभा मिळाली. नव्याने पाय रोवून पुन्हा रेटा देणे मात्र तेथेही निषिद्धच राहिले.

हात पवनचक्कीसारखा फिरत असताना पायाची ही चूक नुसत्या डोळ्यांना पकडणे कठीण जाते. परंतु मुरमाच्या मैदानावर त्याला एक सोपा उपाय आहे. आपल्या मैदानावरील शिक्षिकांनी नेमके तेच केले. त्यांनी पाटीसमोरची धूळ पायाने सारखी केली आणि त्या मुलीला आणखी एक चेंडू टाकावयास सांगितले. चेंडू गेला. मग सर्व मुली खाली वाकून पाहू लागल्या. पाय नुसता घासत आला असता, तर पाटीपासून पुढे एक सलग ओरखडा दिसला असता. तसा ओरखडा नव्हता. पाटीपुढे हातभर जागा अगदी कोरी होती, आणि तिच्यापुढे बुटाच्या टोकाने खणलेला एक खोल खळगा होता.

मुलीने त्या खळग्याकडे पाहिले, एकदा पाटीकडे पाहिले, आणि चेंडू मागून घेतला. तिकडे क्रिकेटच्या बाजूस वाद केव्हाच मिटला होता. गोलंदाज आपली पावले मोजून धावण्याची खूण वीतभर मागे सरकवीत होता.